उलट्या होडीचं तोंड

टोर्फिनला पुढचं-मागचं कधी कळलंच नाही, असं सोलवोगमध्ये सगळे म्हणतात. यात त्याचा दोष थोडा आणि आमच्या फेरीबोटीचा जास्त. या फियोर्डवरच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या, फेरीला ना तोंड आहे ना पिछाडी. दोन्ही टोकं सारखी. जाताना एका टोकानं धक्क्याला लागायचं, येताना दुसऱ्या, वळण्याची भानगडच नाही. टोर्फिननं अख्खी नोकरी या बोटीवर काढली. पिवळं जाकीट घालून डेकवर उभं राहायचं, गाड्यांना हातानं 'या, या, अजून, बस' करायचं आणि पलीकडच्या काठावर त्यांना दुसऱ्या टोकानं बाहेर काढायचं. "काय टोर्फिन, आज बोटीचं तोंड कुठंय?" हा विनोद त्याला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवायचंच. तो दर वेळी हसायचा. माणूस भला आहे, दुसरं काय.

स्मरणशक्ती मात्र त्याची जबर. कोण पलीकडे गेलं, कोण अजून परतलं नाही, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण होतं, सगळं डोक्यात पक्कं. "टोर्फिन, आमचे पाहुणे उतरले का रे?" असं धक्क्यावरून ओरडून विचारलं की उत्तर हजर. एकदा याच गुणापायी एका नवरोबाचं बिंग फुटलं आणि घरात भांडी वाजली. तेव्हापासून टोर्फिन विचारल्याशिवाय काही सांगत नसे. पण विसरतही नसे, आणि याचा त्याला आतून अभिमान होता. दिसायला साधा असला तरी अभिमान होताच.

त्याचं कारण त्याचा बाप, हालवर. सत्तरी ओलांडली आणि बापाचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. एका सकाळी तो घरातल्या चपला घालून, हातात रिकामी पिशवी घेऊन फेरीवर चढला. डेकवर टोर्फिनच उभा होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे अदबीनं पाहिलं आणि विचारलं, "अहो, शाळेची घंटा व्हायच्या आत पोहोचेल ना ही?" स्वतःच्या मुलाला तो 'अहो' म्हणाला. टोर्फिननं त्याला पलीकडे नेलं, परत आणलं, आणि वाटेत एकदाही 'बाबा' अशी हाक मारायची त्याची छाती झाली नाही. हे त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. यंदा टोर्फिन स्वतः त्या वयाचा झालाय.

बायको म्हणजे ओडनी. बाहेरच्या बेटावरची, जिथून पुढे नुसता समुद्र. शाळेची बस चालवायची. पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून चढवून तिचा आवाजच तसा झाला. घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्याला वाटावं भांडण लागलं. टोर्फिनच्या न बोलण्याची भरपाई तिनं संसारभर इमानेइतबारे केली. तिचं टोचून बोलणं हेच तिचं प्रेम, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं आणि तेव्हापासून तो सुखी आहे.

होडी तिच्या वडिलांची. चार वल्ह्यांची, जुन्या धाटणीची, दोन्ही टोकांना टोकदार. उन्हाळ्यातल्या होळीच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सांक्तहान्सला, सारं गाव काठावर शेकोट्या पेटवतं. हे दोघं मात्र तेव्हा होडीनं समोरच्या खडकाळ बेटावर जातात. ती पुढच्या फळीवर, तो मागच्या. दोघांच्या हातात वल्ही. थर्मासमधली कॉफी, उकडलेली अंडी, आणि साऱ्या काठावरच्या शेकोट्या लांबून. बोलायचं काही नाही. ओडनी वर्षातून एकदा गप्प बसते ती तिथं. गेल्या वर्षी जाताना होडीत घोट्यापर्यंत पाणी आलं. ओडनीनं पूर्ण वाट पाणी उपसलं आणि पूर्ण वाट नवऱ्याला सोलून काढलं. "माझ्या बाबांची होडी आहे ती! तुझी फेरी नव्हे, इकडून घेतलं तिकडून सोडलं!"

म्हणून यंदा दुरुस्ती. होडीघरात अंधार, म्हणून होडी ट्रेलरवर घालून घरी आणली आणि अंगणात लाकडी घोड्यांवर उभी केली, तोंड फियोर्डकडे. आमच्याकडे होडी ठेवतात ती अशीच. एका अंगाला ओडनीची कपडे वाळत घालायची दोरी, दुसऱ्या अंगाला शेजारच्या लाइडुल्फचं कुंपण. टोर्फिननं बसायच्या फळ्या, तळाच्या पाट्या, नाकातली लोखंडी कडी, सगळं काढून शेडमध्ये रचलं. मग आत उतरून आरीनं एकेक फळी टोचत गेला. कण्यापासून तिसऱ्या फळीत, अगदी तोंडाजवळ, दोरीच्या अंगाला आरी आत गेली ती लोण्यात जावी तशी. सडकी जागा सापडली. त्यानं सुताराच्या लाल पेन्सिलीनं तिथं ठळक फुली मारली आणि समाधानानं बाहेर आला. नवीन फळी बसवायची तर काम बाहेरून करावं लागतं, आणि बाहेरून करायचं तर होडी पालथी करावी लागते.

शनिवारी माणसं जमली. लाइडुल्फ, म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, मासेपालनाच्या पिंजऱ्यांचं काम करून निवृत्त झालेला, आणि चर्चच्या गायनमंडळातले चार दणकट गडी. असल्या कामाला आमच्याकडे दुगनाद म्हणतात. हाक आली की यायचं, काम करायचं, कॉफी-वॉफल खाऊन जायचं. खाली अंथरायला जुनी गादी काढली होती.

"ही तुमची लग्नातली गादी ना?" लाइडुल्फनं विचारलं.

"हो, आणि तुझ्यापेक्षा जास्त कामाची आहे," ओडनी पायरीवरून म्हणाली.

"मग जपून रे, गड्यांनो! पोटावर घ्या, पोटावर! पाठीवर घेऊ नका, टोर्फिनला सवय नाही!" लाइडुल्फ ओरडला.

हसत-खिदळत होडी कलंडली, गादीवर अलगद टेकली, पालथी झाली आणि पुन्हा घोड्यांवर चढली. तोंड अजून फियोर्डकडेच. टोर्फिनच्या हाताला डांबर लागलं होतं, म्हणून तो आत गेला. हात धुतले आणि म्हटलं, कॉफी टाकावी. तर कॉफीचा डबा जागेवर नाही. त्यानं फडताळ पाहिलं, फ्रीज पाहिला, तळघर पाहिलं. बाहेर माणसं खोळंबलेली, आणि हा डबा शोधतोय. शेवटी मागच्या दारानं लाकडाच्या खोपटात गेला तर डबा तिथं, फोडलेल्या सरपणावर मांडून ठेवलेला. सकाळी लाकडं आणायला तोच आला होता. म्हणजे त्यानंच ठेवला असणार, पण कॉफीचा डबा घेऊन कुणी लाकडं आणायला कशाला येईल? त्याला जरा कसंतरीच झालं. पण कॉफी उशिरा का होईना झाली. तो किटली घेऊन बाहेर आला तेव्हा सगळे पायऱ्यांवर बसून वॉफलवर तपकिरी चीज लावत होते आणि होडी अंगणात पालथी पडली होती.

पुढचे दिवस जुनं डांबर खरवडण्यात गेले. खरवडून झालं आणि फळी कापायची वेळ आली. टोर्फिननं नीट विचार केला. फुली दोरीच्या अंगाला होती. होडी पालथी झाली, म्हणजे ती जागा आता कुंपणाच्या अंगाला. टोक तेच, फियोर्डकडचं. त्यानं मोजलं, खूण केली, करवत लावली, पटाशीनं तुकडा सोडवला, आणि तो तुकडा हातात घेऊन उभाच राहिला.

लाकूड खणखणीत होतं. आतून-बाहेरून पिवळसर, राळेचा वास येणारं. सड नावाला नाही. सासऱ्यानं कोणे एके काळी निवडून लावलेली फळी, आणि यानं ती धडधाकट असताना कापली.

मग तो होडीखाली सरपटत गेला. आत उलट्या पडलेल्या होडीतला तो डांबराचा, जुन्या माशांचा वास. टॉर्च फिरवली. कापलेल्या भोकाच्या आसपास फुली नाही. तिथून पुढे सरकला, अजून पुढे, पार दुसऱ्या टोकाला, घराकडच्या. आणि तिथं, दोरीच्या अंगाला, त्याची लाल फुली होती. ठळक, त्याच्याच हातची.

तो बाहेर आला आणि होडीभोवती फिरायला लागला.

बाजूची चूक समजण्यासारखी होती. उलटसुलट करताना कुणाचीही होईल. पण बाजू बदलायला हवी होती ती बदलली नव्हती, आणि टोक बदलायचं कारणच नव्हतं तर ते बदललं होतं. त्यानं जमिनीवर काटकीनं होडी काढली, पुसली, परत काढली. स्वयंपाकघरात जाऊन पायातलं रबरी पायताण काढलं, टेबलावर ठेवलं, उलटलं, सरळ केलं, पुन्हा उलटलं. त्याचं पुढचं टोक कायम खिडकीकडेच राहत होतं.

"टेबलावर पायातलं?" मागून ओडनी कडाडली. "इथं आपण जेवतो रे, म्हाताऱ्या!"

"बघत होतो."

"काय बघत होतास? नवीन घ्यायचं असेल तर घे. टेबलावर कशाला चालवून बघतोस?"

त्यानं गुपचूप पायात घातलं. पण मघाची भीती काही पायात घालता येईना.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, कुणीतरी होडी फिरवली असेल. बाहेरच्या माणसाला हे चटकन सुचतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या होडीला मालकाला न विचारता हात लावत नाहीत. गडी तहानेनं मेला तरी दुसऱ्याच्या होडीतलं पाणी पिणार नाही, इतकं ते पक्कं. त्यामुळे ही शक्यता टोर्फिनच्या डोक्याच्या उंबरठ्यापर्यंतही आली नाही. आणि भ्यालेला माणूस कारणं शोधत नसतो, पुरावे गोळा करत असतो. पुरावे भरपूर होते.

कॉफीचा डबा सरपणावर. गाडीची किल्ली दोन दिवस सापडेना, शेवटी पावाच्या डब्यात निघाली. ओडनीनं ती दोन बोटांत धरून त्याच्या नाकापुढे नाचवली. "ही भाजायला ठेवली होतीस का?" त्याला आठवेना. पण गाडी तर तोही चालवतो, मग त्यानंच ठेवली असणार. दोरीचा खांब एका बाजूला कलला होता. "हा कुणी वाकवला? गाडी मागे घेताना तूच ना?" असं तिनं विचारलं, आणि तो म्हणाला, "असेल." ज्याला अवघ्या फेरीवरच्या माणसांचं येणं-जाणं पाठ, त्याला स्वतःच्या अंगणातला खांब कधी वाकवला ते आठवत नव्हतं.

मुलगी सुनिवा बर्गनला असते. रविवारी तिचा फोन आला. "बाबा, बरा आहेस ना?"

"मला काय होतंय?"

"नाही, आईनं काल सकाळी फोन केला, मग थोड्या वेळानं परत केला. तेच ते बोलली, अगदी त्याच शब्दांत. तुझी फार काळजी करतेय का ती?"

टोर्फिनला कळून चुकलं. म्हणजे ओडनीच्या लक्षात आलंय. ती पोरीला सांगतेय, एकदा सांगून भागलं नाही म्हणून दोनदा. "मी ठीक आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर खिडकीशी उभा राहून फियोर्डकाठचे सगळे जुने धक्के मनात म्हणत राहिला, खालून वर आणि वरून खाली. एकही चुकला नाही. तरी धीर येईना, कारण बापालाही ते शेवटपर्यंत येत होते.

कापलेला तुकडा त्यानं परत भोकात बसवला, वरून डांबर फासलं, आणि काम थांबवलं. सकाळी उठायचं, कपडे करून बाहेर जायचं, होडीभोवती चकरा मारायच्या, परत यायचं. ओडनी खिडकीतून बघायची.

"प्रदक्षिणा झाल्या का? देव पावला का?"

तो हसायचा. पूर्वी हसायचा तसंच, पण आता हसताना तिच्या तोंडाकडे बघायचा. हिला कधी सांगायचं? आणि सांगितल्यावर ही त्याला कपडे घालायला सांगणार, औषधं मोजून देणार, आणि एक दिवस तो हिलाच 'अहो' म्हणणार. हा विचार आला की त्याचे पाय जागीच थांबत. सांक्तहान्स जवळ येत होता. डोकं असं असेल तर बायकोला होडीत घालून पाण्यात न्यायचं कुठल्या तोंडानं? मधेच हा वल्ही सोडून बसला तर?

शेवटी त्यानं ठरवलं. होडी लाइडुल्फला देऊन टाकायची. कारण विचारलं तर खरं सांगायचं. मग डॉक्टरकडे जायचं. आधी होडी, कारण ती गेली की मागे फिरता येणार नाही.

दुपारी लाइडुल्फ स्वतःच आला, खांद्यावर लांबलचक फळी घेऊन. "घे तुझी लार्चच्या लाकडाची फळी. गिरणीवाल्यानं चांगली निवडून दिलीय, एकसुद्धा गाठ नाही. दुरुस्ती अडली ती फळीसाठीच ना? मला वाटलं, गड्यानं एव्हाना..." तो बोलता बोलता थांबला. कुंपणाच्या अंगाच्या त्या डांबर फासलेल्या ठिगळावर त्यानं बोटानं टकटक केलं. "हे काय केलंस?"

"लाइडुल्फ," टोर्फिन म्हणाला, "ही होडी तू घेऊन जा."

"कुठे?"

"कायमची. तुला देतो."

"का? ओडनीनं घराबाहेर काढलं का तुला?"

"माझं डोकं जायला लागलंय." टोर्फिननं ठिगळाकडे बोट केलं. "बापाचं गेलं तसंच. सड तोंडाजवळ होती, मी तोंडाजवळच कापली, आणि ती निघाली पार पिछाडीला. फुली माझ्याच हातची आहे, आणि मला आठवतं भलतंच. डबा कुठे ठेवतो, किल्ली कुठे ठेवतो, काही पत्ता नाही."

लाइडुल्फनं फळी खाली ठेवली. होडीच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग तो जो हसायला लागला, त्याला कुंपण धरून उभं राहावं लागलं.

"अरे गाढवा! तू ढुंगणाकडून कापलीस! तोंड हे बघ, इकडे, घराकडे! तुला आयुष्यात पुढचं-मागचं कधी कळलंय का?"

"तोंड फियोर्डकडे होतं."

"होतं! मग आम्ही फिरवली ना! तू आत कॉफी करत बसला होतास आणि ओडनी पायरीवरून म्हणाली, फिरवा. पालथी होडी समुद्राकडे तोंड करून ठेवायची नाही, तिचे बाबा ठेवू द्यायचे नाहीत म्हणे. समुद्राकडे तोंड असलेली पालथी होडी म्हणजे बुडालेली होडी. घराकडे तोंड असलं की ती परत येणारी. मग काय, होडी तिच्या बापाची, हुकूम तिचा. आम्ही आपली सूर्य फिरतो तशी फिरवली. उलटी फिरवली असती तर सोपं होतं, मोकळी जागा होती, पण तिच्यासमोर होडी सूर्याच्या उलट फिरवायची कुणाची हिंमत? त्यात तुमच्या दोरीचा खांब वाकला. सांगितलं नाही का तुला कुणी?"

टोर्फिन होडीच्या कण्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता, होडीवर थापा मारत होता. डोकं ठिकाणावर होतं! फुली ठिकाणावर होती! खांबही त्यानं वाकवला नव्हता!

"ओडनी!" त्यानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की त्याचा आवाज ऐकून शेजारच्या कुत्र्यालाही नवल वाटलं. "ओडनी, बाहेर ये! माझा जीव घेतलास की गं तू!"

ती ॲप्रनला हात पुसत पायरीवर आली. "काय झालं? कोण मेलं?"

"होडी फिरवायला सांगितलीस, आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"मी?" ओडनी म्हणाली. "मी कुठे काय सांगितलं? मी आत कॉफी करत होते."

"अगं, तू इथं तर..." लाइडुल्फ म्हणाला. "या पायरीवर. हातात वॉफलचा पलटा होता. तुझ्या बाबांची गोष्ट..."

"मी बाहेर आलेच नव्हते. डबा सापडत नव्हता, मी डबा शोधत होते." ती ठामपणे बोलली, पण बोलता बोलता तिचे डोळे एकदा लाइडुल्फकडे, एकदा टोर्फिनकडे गेले. बसभर पोरांना एका दमात गप्प करणारी ओडनी. तिच्या तोंडावर असं काही टोर्फिननं कधी पाहिलं नव्हतं. परक्या गावी उतरलेल्या माणसासारखी ती दोघांकडे बघत होती, की आता हे काय सांगतात.

डबा टोर्फिननं शोधला होता. आणि मग सगळंच त्याच्या समोर येऊन उभं राहिलं. डबा, सरपण, पावाच्या डब्यातली किल्ली, सुनिवाला एकाच सकाळी दोनदा तोच फोन. एकेक गोष्ट त्यानं स्वतःच्या माथी मारून घेतली होती. त्यातली एकही त्याची नव्हती.

त्याला वाटलं, परत आत जावं आणि मघाची भीतीच परत मागून घ्यावी. ती बरी होती. ती निदान आपली होती.

लाइडुल्फ पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात टोर्फिन म्हणाला, "नाही रे लाइडुल्फ. ती नव्हतीच बाहेर. मीच सांगितलं होतं तुला."

"काय?"

"फिरवायला. मीच सांगितलं आणि मीच विसरलो."

लाइडुल्फ त्याच्याकडे बघत राहिला. मग ओडनीकडे पाहिलं. माणूस वात्रट आहे, पण मूर्ख नाही. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "हो," तो म्हणाला. "तूच. माझीच गल्लत झाली. म्हातारे झालो आपण." आणि फळी तशीच सोडून तो कुंपणाकडे चालता झाला. जाताना दोरीचा वाकलेला खांब त्यानं उगीचच हातानं सरळ करून पाहिला.

ओडनीचा श्वास मोकळा झालेला टोर्फिनला ऐकू आला. लगेच आवाजही परत आला. "बघ! आणि वर मला दोष! मी केव्हापासून बघतेय, तुझं लक्ष ठिकाणावर नाही. डबे सरपणावर ठेवतोस, किल्ल्या भाजतोस. बापावर गेलास अगदी!"

"गेलो खरा," टोर्फिन म्हणाला.

ती पायऱ्या उतरून खाली आली. तावातावानं आली, पण होडीच्या घराकडच्या टोकाशी थांबली. पालथ्या होडीच्या नाकावर तिनं तळवा ठेवला.

"घराकडे तोंड केलंस," ती म्हणाली. आता तिचा आवाज बसमधला नव्हता, बेटावरचा होता. "बाबा असंच ठेवायचे. पालथी असली की तोंड घराकडे, म्हणजे ती परत येते म्हणायचे. तुला मी कधी सांगितलं होतं हे?"

"सांगितलं होतंस. लग्नाच्या आधी."

"इतक्या जुन्या काळी?"

"हो."

ओडनीनं होडीवरचा हात उचलला आणि त्याच्या डांबर लागलेल्या बाहीवर ठेवला.

"बाकी सगळं विसरतोस," ती म्हणाली, "पण माझ्या बाबांचं विसरला नाहीस."